शेवट कोणी सांगावा आणि गोष्ट पुन्हा कोणी सांगावी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे जुने चित्रपट, त्यांचे रिमेक आणि शेवट आधीच सांगून टाकण्याची सवय यांविषयीची आहेत. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्या चित्रपटांची सारी उत्कंठा शेवटावर उभी आहे, त्यांचा शेवट या उत्तरांत कोठेही उघड केलेला नाही. ज्यांनी ते चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनीही निःशंकपणे वाचावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा जुना चित्रपट दाखवला जातो. मागील खेळाच्या प्रास्ताविकात एका ज्येष्ठ सभासदांनी चित्रपटाचा शेवटच सांगून टाकला, त्यामुळे तरुण मंडळी नाराज झाली. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटात गुपित असे काही उरत नाही आणि खरी अभिजात कलाकृती शेवट ठाऊक असूनही तितकीच रंगते. वाद अजून मिटलेला नाही. आपले मत काय?
— एक सभासद, कोथरूड

उत्तर : ज्येष्ठांच्या म्हणण्यातील दुसरा भाग मला मान्य आहे, पहिला मुळीच मान्य नाही. चित्रपटाला साठ वर्षे झाली असतील. परंतु जी मुलगी तो आपल्या सोसायटीच्या सभागृहात प्रथमच पाहणार आहे, तिच्यापुरता तो त्याच संध्याकाळी प्रदर्शित होत असतो. चित्रपट जुना होतो, प्रेक्षकाचे पहिले पाहणे जुने होत नाही. ते आयुष्यात एकदाच वाट्याला येते आणि ते कसे घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे.

शेवट माहीत नसताना पाहणे आणि माहीत असताना पाहणे हे दोन वेगळे अनुभव आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत. ज्याने काहीही ठाऊक नसताना चित्रपट पाहिला, त्याला दुसरा अनुभव केव्हाही घेता येतो. तो पुन्हा पाहायला बसतो, आणि दिग्दर्शकाने पहिल्या दहा मिनिटांत पेरून ठेवलेली खूण, एखाद्या पात्राचे किंचित थांबून बोलणे, दाराआड दिसून गेलेली सावली, हे सारे त्याला या खेपेस उमगते. ज्याला शेवट आधीच सांगितला गेला त्याच्या पदरात केवळ हा दुसरा अनुभव पडतो. पहिला कायमचा गेलेला असतो आणि तो परत देण्याची कोणतीही सोय नसते. म्हणून शंका असेल तेथे सांगणाऱ्याने थांबावे. ऐकणाऱ्याने समजूतदारपणा दाखवावा, ही अपेक्षा चुकीच्या माणसाकडून केलेली अपेक्षा आहे.

हा आजच्या तरुण पिढीचा हळवेपणा आहे, असेही ज्येष्ठांनी समजू नये. आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको' १९६० मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत प्रेक्षक खेळ सुरू असताना केव्हाही आत येऊन बसत असत. हिचकॉक यांनी चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह धरला आणि चित्रपटगृहांनी तो पाळला. त्याच्या आधी १९५५ मध्ये आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने 'ले दियाबोलिक'च्या अखेरीस पडद्यावर मजकूर झळकवून प्रेक्षकांना विनंती केली होती की, जे पाहिले ते मित्रांना सांगून त्यांचा आनंद घालवू नका. लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगानंतरही अशीच विनंती केली जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक ती मानत आले आहेत.

आता ज्येष्ठांच्या म्हणण्यातील खऱ्या भागाकडे वळू. आपल्याकडे कीर्तनकार हरिश्चंद्राचे आख्यान लावतो तेव्हा समोरच्या प्रत्येक श्रोत्याला राजाचे पुढे काय होणार हे ठाऊक असते, तरीही तारामतीच्या विलापाला माणसे डोळे पुसतात. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६चा 'संत तुकाराम' पाहायला आलेल्या प्रेक्षकांपैकी तुकोबांच्या वैकुंठगमनाची कथा कोणाला नवी होती? तरीही मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अभंगात हरवून जातो आणि गौरी यांनी उभी केलेली जिजाई चुलीची, मुलांच्या पोटाची, रोजच्या उसनवारीची काळजी वाहते. या दोन जगांत दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी जो ताण निर्माण केला, तो ताण म्हणजे तो चित्रपट आहे. शेवट कळल्याने त्यातले काहीही उणे होत नाही, कारण 'पुढे काय' या प्रश्नावर त्याची उभारणीच झालेली नाही.

यासंबंधी एका संशोधनाचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांना लघुकथा देण्यात आल्या होत्या आणि ज्यांना शेवट आधी सांगितला गेला त्यांना त्या कथा किंचित अधिकच आवडल्या, असे आढळले होते. ज्येष्ठ सभासदांनी या अभ्यासाचा आधार घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की त्या थोडक्यात वाचून संपणाऱ्या कथा होत्या, अडीच तास अंधारात बसून पाहिलेला चित्रपट नव्हता. आणि नंतर इतर अभ्यासकांनी केलेल्या प्रयोगांतून याच्या उलट निष्कर्षही निघाले आहेत.

तेव्हा आपल्या सोसायटीपुरता माझा सल्ला असा आहे. खेळापूर्वी बोलणाऱ्याने चित्रपट कोणत्या वर्षी आणि कोणत्या परिस्थितीत तयार झाला, त्या काळी छायालेखनाची आणि ध्वनिमुद्रणाची साधने काय होती, त्या नटांनी आधी काय केले होते, दाखवली जाणारी प्रत पूर्ण आहे की मधले काही भाग गहाळ आहेत, हे सांगावे. कथानकाविषयी पहिल्या पंधरा मिनिटांपलीकडचे काही सांगू नये. ज्येष्ठांजवळ शेवटाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी जाणतो आणि ते ऐकले गेलेच पाहिजे. त्यासाठी चित्रपट संपल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. ज्यांना तेच बोलणे खेळाआधी कटकट वाटले, तेच तरुण खेळानंतर खुर्च्या जवळ ओढून ऐकतील.

प्रश्न : 'सैराट'चा हिंदी रिमेक पाहिल्यापासून मला रिमेक या प्रकाराचाच राग आला आहे. मूळ चित्रपट उत्तम असताना तो पुन्हा काढण्याचे कारणच काय? लोकांनी उपशीर्षकांसह मूळ चित्रपट पाहावा.
— एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : उपशीर्षकांसह मूळ चित्रपट पाहावा, या आपल्या आग्रहाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र रिमेक हा प्रकारच हलका मानायचा झाला तर आपल्याला आपल्याच काही लाडक्या चित्रपटांवर पाणी सोडावे लागेल. सचिन पिळगांवकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. त्याचे मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मध्ये आहे. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' १९८५चा. त्याचे मूळ श्रीधर यांच्या १९६४च्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटात आहे, जो हिंदीतही 'प्यार किये जा' या नावाने येऊन गेला होता. व्ही. शांताराम यांचा १९७२चा 'पिंजरा' तर जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या १९३०च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटावरून सुचलेला आहे. हे तिन्ही चित्रपट मराठी प्रेक्षकांनी परके मानले नाहीत.

असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे. 'बनवाबनवी'त भाड्याच्या खोलीसाठी बायकांचे सोंग घेण्याची मूळ कल्पना तीच राहिली, परंतु वसंत सबनीस यांनी तिला जे संवाद दिले ते 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या लेखणीतून उतरले होते. वगातील सोंगाड्याची हजरजबाबी वृत्ती, समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द उचलून त्यावर कुरघोडी करण्याची लकब, हे सारे त्या संवादांत आले आणि कथा मुळासकट या मातीत रुजली. 'पिंजरा'त जर्मन शहरातील शाळामास्तर आणि कॅबरेतील गायिका यांच्या जागी आदर्शवादी गुरुजी आणि तमाशातील नर्तकी आली. केवळ वेश बदलला असता तर ती नक्कल ठरली असती. पण गावाने ज्याला देवपण दिले त्याच्या प्रतिमेचे ओझे त्या माणसावर काय परिणाम करते, हा प्रश्न शांतारामांनी उत्तरार्धात असा काही घेतला की चित्रपट मूळ कथेपासून दूर निघून गेला आणि स्वतंत्र झाला. तो उत्तरार्ध कसा आहे, हे मी येथे सांगत नाही. ज्यांनी 'पिंजरा' केवळ गाण्यांपुरता ऐकला आहे त्यांनी डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयासाठी तो अखेरपर्यंत पाहावा.

आता 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६चा, आणि दोनच वर्षांत त्याचे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी अवतार आले. कन्नड 'मनसु मल्लिगे'मध्ये तर रिंकू राजगुरू यांनीच पुन्हा नायिकेची भूमिका केली. हिंदी 'धडक' २०१८चा. त्यात कथा करमाळ्याच्या परिसरातून उदयपूरला गेली, संगीत अजय-अतुल यांचेच राहिले, 'झिंगाट'ची चालही आली. तरीही आपल्याला जे खटकले ते नेमके काय, याचा मी बराच विचार केला आहे. 'सैराट'मध्ये जात ही कोणी भाषणातून सांगत नाही. विहिरीवर कोण कोणत्या अधिकाराने येतो, वर्गात कोण कोणावर हात उगारतो आणि त्यानंतर कोणाला गप्प बसावे लागते, कोणाच्या घराला केवढे अंगण आहे, यांतून ती दिसत राहते. त्या भूगोलातून कथा उचलल्यावर नव्या ठिकाणची तितकीच काटेकोर माहिती भरावी लागते. 'धडक'मध्ये राजवाडे, तलाव आणि घराण्याची प्रतिष्ठा आली, पण जातीचा काच सैल झाला. मग दोघांना पळून का जावे लागते याचे उत्तर इतर कोणत्याही प्रेमकथेसारखे झाले. 'सैराट'च्या अखेरच्या क्षणांतील नीरवतेत जवळजवळ पावणेतीन तासांचे हे साठलेले भय उतरते. भय साठलेच नसेल तर शेवट कितीही धक्कादायक केला तरी तो केवळ धक्का उरतो.

मूळ दिग्दर्शकच रिमेक करतो तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. निशिकांत कामत यांनी २००५चा 'डोंबिवली फास्ट' आर. माधवन यांना घेऊन तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' या नावाने केला. पुढे जीतू जोसेफ यांच्या २०१३च्या मल्याळम 'दृश्यम'चा हिंदी रिमेकही २०१५ मध्ये त्यांनीच दिग्दर्शित केला, आणि त्याआधी त्याच कथेचे कन्नड, तेलुगू आणि तमिळ चित्रपट येऊन गेले होते. 'दृश्यम'ची कथा इतक्या भाषांत टिकली, कारण तिचा कणा प्रांताचा नसून कुटुंबप्रमुखाच्या भीतीचा आहे, आणि चित्रपटांचे वेड असलेला बाप कोणत्याही गावात सापडतो. ज्या कथेचा कणा प्रांताचा असतो तिला दुसरीकडे नेणाऱ्याने दुप्पट कष्ट घ्यायला हवेत. रिमेकवर माझा आक्षेप असेल तर तो हे कष्ट न घेण्यावर आहे.

प्रश्न : प्रभातने 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी' असे एकच चित्रपट दोन भाषांत काढले. त्यांना रिमेक म्हणावे काय? आणि हे चित्रपट आज पुण्यात मोठ्या पडद्यावर पाहायला मिळतात का?
— एक निवृत्त शिक्षक, शनिवार पेठ

उत्तर : त्यांना रिमेक म्हणता येणार नाही. रिमेक करणाऱ्यासमोर पूर्ण झालेला चित्रपट असतो. प्रभातमध्ये दोन्ही आवृत्त्या बरोबरीने घडत. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'पासून ही पद्धत दिसते. त्याच सेटवर मराठी दृश्याचे चित्रण झाल्यावर हिंदी दृश्याचे चित्रण होई, काही नट दोन्हींत असत, काही बदलत. एका भाषेतील चित्रपटावर दुसऱ्या भाषेचे संवाद चढवण्याची सोय तेव्हा रुळलेली नसल्याने देशभरच्या बाजारात जायचे तर हाच मार्ग होता.

या जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर अभिनयाचा उत्तम अभ्यास होतो. १९४१च्या 'शेजारी'त आणि त्याच्या 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत गजानन जागीरदार यांनी मिर्झांची भूमिका केली, आणि त्यांच्या हिंदू शेजाऱ्याची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत मझहर खान यांनी केली. हिंदू नटाने मुसलमान म्हातारा आणि मुसलमान नटाने हिंदू म्हातारा उभा करावा, ही शांतारामांची योजना त्या काळात काय सांगत होती, हे आपल्यासारख्या शिक्षकाला मी वेगळे सांगायला नको.

'कुंकू'विषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सहसा निसटून जाते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील या १९३७च्या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घड्याळाचे टोले, पावलांचे आवाज, घरातील वस्तूंचे आवाज, एवढ्यावर शांता आपटे यांच्या नीराचा विद्रोह आणि केशवराव दाते यांच्या काकासाहेबांचे एकाकीपण उभे राहते. आज कोणी या चित्रपटाची प्रत 'आधुनिक' करण्यासाठी त्याखाली व्हायोलिन भरले तर तो चित्रपट राहणार नाही.

पाहायला कोठे मिळतील, याविषयी. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. लॉ कॉलेज रस्त्यावरील संग्रहालयाच्या चित्रपटगृहातील खेळांवर लक्ष ठेवावे. शहरातील फिल्म क्लब आणि पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांतही जुने चित्रपट दाखवले जातात. घरी दूरचित्रवाणीवर पाहणार असाल तर एक काळजी घ्या : या चित्रपटांची चौकट चौकोनाच्या जवळची आहे. रुंद पडदा भरून चित्र दिसत असेल तर ते एकतर ताणलेले असते किंवा त्याचा वरचा-खालचा भाग कापलेला असतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणे हेच योग्य आहे.

प्रश्न : एखादा अभिजात चित्रपट हुबेहूब पुन्हा चित्रित केला, किंवा कृष्णधवल चित्रपट रंगीत केला, तर नव्या पिढीला तो अधिक जवळचा वाटेल असे आपल्याला वाटत नाही का?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : हुबेहूब चित्रणाचा प्रयोग होऊन गेला आहे. गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये 'सायको' जवळजवळ दृश्यामागून दृश्य तसाच, रंगीत चित्रित केला. कॅमेऱ्याच्या जागा त्याच, संवाद तेच. आणि तरीही तो निर्जीव वाटला, कारण १९६०च्या प्रेक्षकाला ज्या गोष्टीची कल्पनाही नव्हती ती १९९८च्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. चित्रपटातील धक्का कॅमेऱ्याच्या जागेत साठवून ठेवता येत नाही.

रंगीत करण्याविषयी मी थोडा अधिक सौम्य आहे. 'मुगल-ए-आझम'चा काही भाग मुळातच रंगीत होता आणि २००४ मध्ये तो संपूर्ण रंगात प्रदर्शित झाला तेव्हा तरुण प्रेक्षक मोठ्या संख्येने गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. अट एवढीच की कृष्णधवल आवृत्ती तितक्याच सहजतेने उपलब्ध राहावी. छायालेखक राखाडीच्या छटा मनात धरून प्रकाश रचत असत. त्यावर चढवलेला रंग हा नंतर आलेल्या कोणाचा तरी अंदाज असतो.

मूळ प्रत जपण्याचा प्रश्न याहून कितीतरी गंभीर आहे, आणि तरुणांनी त्याकडे लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' १९१७ मध्ये पुन्हा केला. आज संग्रहालयात त्याची जी रिळे आहेत ती या दुसऱ्या खेपेची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपल्या पहिल्या कथापटाचे दर्शन आपल्याला कदाचित त्याच्या रिमेकमधूनच घडते आहे. जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते, आणि जानेवारी २००३ मध्ये याच पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाची अशी कितीतरी रिळे नष्ट झाली. रिमेक वाईट झाला तर मूळ चित्रपट पाहून मनाची समजूत घालता येते. मूळच गेले तर पुढच्या प्रेक्षकाला पहिले पाहणे मिळणारच नाही.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एका जुन्या मराठी चित्रपटावरून लघुपट करण्याचा आमचा विचार आहे. श्रेयनामावलीत मूळ चित्रपटाचा ऋणनिर्देश केला तर पुरेसे आहे का?
— एक विद्यार्थिनी, विमाननगर

उत्तर : पुरेसे नाही. ऋणनिर्देश हे सौजन्य आहे, परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतात; म्हणजे १९७० मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे हक्क २०३० अखेरपर्यंत असतात. परंतु चित्रपट ज्या कादंबरीवर किंवा नाटकावर आधारलेला असेल तिचे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे चालतात. चित्रपट मुक्त झाला आणि कथा अजून बांधलेली आहे, असे सहज घडू शकते. गाण्यांचा प्रश्न आणखी निराळा.

केवळ कल्पनेवर मात्र कोणाची मालकी नसते. आर. जी. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' या आपल्या नाटकावरून 'न्यू देल्ही' हा चित्रपट उचलला, असा दावा केला होता; १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. विषय एकच असू शकतो, हरकत मांडणीच्या नकलेला आहे. दोन्ही कृती पाहणाऱ्याला ही त्याची नक्कल आहे असे स्पष्टपणे वाटते का, ही कसोटी न्यायालयाने लावली. तेव्हा एकतर हक्कधारकांना रीतसर पत्र लिहा, विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बरेच जण आनंदाने होकार देतात. किंवा त्या चित्रपटाने तुमच्या मनात जो प्रश्न जागा केला तेवढाच घेऊन स्वतःची माणसे, स्वतःची गल्ली आणि स्वतःचे संवाद लिहा. दुसऱ्या मार्गाने तुम्ही अधिक शिकाल.

प्रश्न : 'बिनधास्त' पाहायचा राहून गेला होता. परवा कोणीतरी त्यातील रहस्य सांगितले. आता पाहावा का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : अवश्य पाहावा. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या १९९९च्या या चित्रपटातील सर्व पात्रे स्त्रिया आहेत, आणि मैत्रीच्या नात्यावर संशयाचे सावट कसे पसरत जाते, हे पाहणे रहस्य कळल्यावरही तितकेच वेधक आहे. रहस्याचा आनंद हवाच असेल तर दोन-तीन वर्षे जाऊ द्या, तपशील विसरले जातात. प्रियदर्शन यांनी दुसऱ्याच वर्षी तमिळमध्ये 'स्नेगिदिये' या नावाने त्याचा रिमेक केला. दोन्ही लागोपाठ पाहण्याचाही एक निराळा आनंद आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या नातीला 'श्यामची आई' दाखवायचा आहे. आचार्य अत्र्यांचा आधी दाखवावा की नवा? तिने पुस्तक वाचलेले नाही. शेवट तिला सांगून ठेवावा का, ही माझी खरी अडचण आहे. ती फार हळवी आहे.
— एक आजी, औंध

उत्तर : आजी, आपला प्रश्न इतर साऱ्या पत्रांहून नाजूक आहे. आचार्य अत्रे यांचा १९५३चा 'श्यामची आई' हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. सुजय डहाके यांचा २०२३चा, तोही कृष्णधवल. दोन्ही साने गुरुजींच्या पुस्तकातून आलेले आहेत, त्यामुळे दुसरा पहिल्याचा रिमेक नाही. एकाच घराची दोन दारे आहेत. नव्या चित्रपटात साने गुरुजींच्या आयुष्याला बरीच जागा आहे, आणि ती समजण्यासाठी स्वातंत्र्यलढ्याची थोडी ओळख हवी. नऊ वर्षांच्या मुलीसाठी अत्र्यांचा चित्रपट आधी योग्य ठरेल. माधव वझे यांचा श्याम तिच्याच वयाच्या आसपासचा आहे, तो पोहायला घाबरतो, खोड्या करतो, रुसतो. वनमाला यांची आई त्याला रागावते आणि जवळही घेते. 'छडी लागे छमछम' तिने कदाचित आधीच ऐकले असेल, आणि 'भरजरी गं पितांबर' ऐकताना द्रौपदीची गोष्ट ती आपल्यालाच विचारील.

शेवटाविषयी. वर कोथरूडच्या पत्राला उत्तर देताना मी जो आग्रह धरला तो अनोळखी किंवा समवयस्क प्रेक्षकांसाठी होता. लहान मुलाच्या बाबतीत ठरवण्याचा अधिकार त्याच्याबरोबर बसणाऱ्या मोठ्या माणसाकडे जातो, आणि आपण तिला ओळखता. माझी सूचना एवढीच की प्रसंग सांगू नका, पण हा चित्रपट काही ठिकाणी रडवणारा आहे आणि तसे रडू येण्यात काही वावगे नाही, एवढे आधी सांगून ठेवा. एकाच बैठकीत सारा चित्रपट संपवू नका. पहिल्या दिवशी मध्यंतरापर्यंत पाहा आणि दुसऱ्या दिवशी उरलेला भाग दुपारच्या वेळी लावा, झोपेच्या आधी लावू नका. त्यानंतर तिने विचारले तर पुस्तक तिच्या हाती द्या. रोज रात्री एक प्रकरण आपण वाचून दाखवले तर अधिक चांगले. नवा चित्रपट ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पाहू द्या, आणि तेव्हा तिला कोणता अधिक आवडला ते या स्तंभाला जरूर कळवा.